इंग्रजीत एका माणसासाठी 'दे': कुठे वापरावं, कुठे वाक्यच बदलावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी पुण्यातल्या एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करतो. आमच्या कर्मचारी नियमपुस्तिकेत सगळीकडे 'ही ऑर शी', 'हिज ऑर हर' असं होतं. परदेशातल्या सहकाऱ्यांनी ती तपासताना त्या सगळ्याचं 'दे' आणि 'देअर' करून टाकलं. शाळेत आम्हाला 'दे' म्हणजे अनेकवचन असं शिकवलंय. मग 'एव्हरी एम्प्लॉयी'च्या पुढे 'देअर' हे शुद्ध कसं? शिवाय तिकडच्या टीममधले एक जण ईमेलच्या सहीखाली 'दे, देम' असं लिहितात. त्यांच्याबद्दल लिहिताना काय करायचं?"

उत्तर आधी देते, कारणं मागून. 'एव्हरी एम्प्लॉयी मस्ट सबमिट देअर टाइमशीट' हे वाक्य शुद्ध आहे, औपचारिक लेखनात चालतं आणि तुमच्या पुस्तिकेत राहू द्यायला हरकत नाही. मात्र तुम्ही विचारलेल्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'कोणताही कर्मचारी' म्हणजे कुणी ठरलेली व्यक्ती नव्हे. तो पुरुष की स्त्री हे ठाऊक नाही, ठाऊक असण्याची गरजही नाही. तिथे 'दे' वापरायचं की नाही हा अचूक आणि सुटसुटीत लिहिण्याचा प्रश्न आहे. सहीखाली 'दे, देम' लिहिणारे सहकारी मात्र नावानिशी तुमच्या ओळखीचे आहेत आणि आपल्याला काय म्हणावं हे त्यांनी स्वतःच कळवलंय. तिथे प्रश्न सौजन्याचा आहे. पहिला वापर सहाशे वर्षांहून जुना, दुसरा अगदी अलीकडचा. पहिल्यात तुमच्या हाताशी पर्याय असतात, वाक्य फिरवता येतं, सर्वनाम गाळता येतं. दुसऱ्यात समोरच्याने सांगितलेलं पाळायचं असतं. कंपन्यांची नियमपत्रं, करार आणि अहवाल यांचं संपादन हे माझं काम आहे. या दोन्ही प्रश्नांना एकच नियम लावलेला मसुदा हमखास कुठेतरी अडतो.

आता शाळेतल्या नियमाकडे येऊ, कारण तुमची खरी अडचण तीच दिसते.

'दे' हा शब्द इंग्रजीत स्कँडिनेव्हियातल्या नॉर्स लोकांच्या भाषेतून मध्ययुगात आला. एका व्यक्तीसाठी त्याचा वापर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाने 1375 च्या सुमारापर्यंत मागे नेलेला आहे, 'विल्यम अँड द वेअरवुल्फ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या काव्यापर्यंत. पुढे चॉसरने तो वापरला, शेक्सपिअरने वापरला. जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांत 'एव्हरीबडी'च्या मागोमाग 'देअर' वारंवार येतं. म्हणजे परदेशी सहकाऱ्यांनी तुमच्या पुस्तिकेत घातलेलं रूप नवं नाही. नंतर जोडला गेलेला आहे तो ते चूक ठरवणारा नियम.

18 व्या शतकात इंग्रजीचं व्याकरण लॅटिनच्या शिस्तीत बसवायची खटपट सुरू झाली. शतकाच्या मध्यावर ॲन फिशर या शिक्षिकेने आपल्या व्याकरणात लिहिलं की स्त्रीपुरुष दोघांनाही लागू होईल अशा ठिकाणी पुल्लिंगी सर्वनाम पुरेसं आहे. 1795 मध्ये लिंडली मरे यांचं व्याकरण आलं. सर्वनाम ज्या नामासाठी येतं त्याच्याशी ते लिंगाने आणि वचनाने जुळलंच पाहिजे, हा नियम त्यांनी ठासून मांडला आणि 'एनी वन'पुढचं 'देअर' चुकीच्या वाक्यांत घालून त्याच्या जागी 'हिज' केलं. 19 व्या शतकात या पुस्तकाच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या. शाळेशाळेत पोचलेला नियम तो हाच. त्यातली विसंगती मात्र कुणी फारशी दाखवली नाही. 'एव्हरीवन'साठी 'दे' घेतलं तर वचन जुळत नाही म्हणून चूक, पण 'ही' घेतल्यावर लिंग जुळत नाही ते मात्र चालतं. दोन्हींपैकी एक तडजोड करावी लागणारच असेल, तर इंग्रजी बोलणाऱ्या सर्वसामान्य माणसाने शतकानुशतकं वचनाची तडजोड पसंत केली आहे. त्याला कारण आहे. वचनाच्या तडजोडीत कुणी वगळलं जात नाही.

'ही' म्हटल्यावर त्यात 'शी' येतेच, असं सांगितलं जातं. हे नुसतं व्याकरणात राहिलं नाही, कायद्यातही गेलं. ब्रिटिश संसदेने 1850 मध्ये कायदाच केला की अधिनियमांतल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश समजावा. त्यावर विसंबून मँचेस्टरच्या स्त्रियांनी मतदार यादीत नावं घालायला सांगितलं, कारण 1867 च्या सुधारणा कायद्यात मताधिकार 'मॅन'ला दिला होता. 1868 मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. आपल्याकडेही तेच घडलं. पुल्लिंगात स्त्रीलिंग धरावं, हे तत्त्व हिंदुस्थानच्या कायद्यातही होतं. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात (जनरल क्लॉजेस ॲक्ट, म्हणजे कायद्यांतले शब्द कसे वाचावेत हे सांगणारा कायदा) ते कलम 13 म्हणून आजही आहे. तरीही 1916 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांना स्त्री म्हणून वकिलीची नोंदणी नाकारली. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी 1892 मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या होत्या. त्यांनाही नोंदणीसाठी कितीतरी वर्षं थांबावं लागलं. शेवटी 1923 मध्ये स्त्रियांना वकिलीची वाट मोकळी करणारा स्वतंत्र कायदा करावा लागला. 'ही'मध्ये 'शी' खरोखरच येत असती, तर त्या कायद्याची गरजच पडली नसती. जबाबदारी, दंड, कर या बाबतीत 'ही' सर्वांना लागू होत होता आणि हक्काची वेळ आली की तो पुरुषापुरता आखडत होता. मसुदा लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

आपला कायदा या बाबतीत आजही जुन्याच वाटेवर आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 8 मध्ये 'ही' हे सर्वनाम स्त्री आणि पुरुष दोघांसाठी असल्याचं म्हटलं होतं. तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या व्याख्येत पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर असे तिघे आले, पण सर्वनाम 'ही'च राहिलं. राज्यघटनेच्या इंग्रजी पाठातही राष्ट्रपतींसाठी 'ही' आणि 'हिज' आहे. जळगावच्या प्रतिभाताई पाटील 2007 मध्ये राष्ट्रपती झाल्या त्या याच शब्दांखाली. त्याच वर्षी ब्रिटनच्या सरकारने मात्र ठरवलं की यापुढे आपली विधेयकं शक्यतो लिंगनिरपेक्ष भाषेत लिहायची. तेव्हा तुमचे कायदा सल्लागार 'ही' पुरेसं आहे म्हणाले, तर भारतीय कायद्याच्या दृष्टीने ते चुकीचं बोलत नाहीत. फक्त नियमपुस्तिका वाचणारी नवी मुलगी सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम उघडून बसत नाही. तिला समोरचं वाक्य दिसतं.

एकवचनी 'दे' कानाला खटकतं अशी तक्रार मी पुष्कळ ऐकते. त्यावर 'यू'कडे बघा. 'यू' हे एके काळी अनेकवचन होतं, एका माणसासाठी 'दाउ' होतं. आदर दाखवायला एका माणसालाही 'यू' म्हणायची पद्धत पडली आणि हळूहळू 'दाउ' बाजूला पडलं. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे जॉर्ज फॉक्स यांना हे इतकं खटकत होतं की 1660 मध्ये त्यांनी याविरुद्ध पुस्तक काढलं. आज एका माणसाला 'यू आर' म्हणताना कुणी अडखळत नाही, आणि तिथलं क्रियापद अजूनही अनेकवचनीच आहे. 'तुम्ही आलात' म्हणणाऱ्या मराठी माणसाला तर यात काहीच नवल वाटू नये. एका माणसासाठी अनेकवचन वापरणं आपल्या जिभेवर रोज आहे.

प्रमाण लेखनाचे अधिकृत दाखले हवे असतील तर तेही आता पुरेसे आहेत. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तकाने 2017 मध्ये एकवचनी 'दे'ला मर्यादित मुभा दिली. आधी वाक्य बदलून पाहा, जमत नसेल तर वापरा, असा तिचा सूर होता. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनपुस्तिकेच्या 2019 च्या सातव्या आवृत्तीने त्याचा उघड पुरस्कार केला. सर्वांत सावध असलेल्या शिकागो मॅन्युअल या संपादनाच्या ग्रंथाने 2017 च्या आवृत्तीत 'कोणीही'साठीचं 'दे' औपचारिक लेखनात टाळायला सांगितलं होतं. 2024 च्या अठराव्या आवृत्तीत तेही मान्य केलं. वरिष्ठांना पटवायचं असेल तर हे शेवटचं उदाहरण सांगा. जो ग्रंथ इतकी वर्षं अडून बसला होता त्यानेच बदल केला म्हटल्यावर वाद सहसा थांबतो.

तरीही, आणि हे मी ठासून सांगते, तुमच्या परदेशी सहकाऱ्यांनी सरसकट 'दे' घातलं ते मला पसंत नाही. 'दे' शुद्ध आहे याचा अर्थ ते प्रत्येक ठिकाणी चांगलं आहे असा होत नाही. मसुद्यात सर्वनामावर बोट ठेवल्यावर पहिला प्रश्न हा असतो की इथे सर्वनाम हवंच आहे का.

तुमच्या जुन्या पुस्तिकेत असेल असं एक वाक्य घ्या: 'इफ ॲन एम्प्लॉयी लूजेस हिज ऑर हर आयडी कार्ड, ही ऑर शी मस्ट इन्फॉर्म हिज ऑर हर मॅनेजर.' यात सगळं 'दे' करून वाक्य सुधारतं, पण थोडंच. त्याऐवजी 'ॲन एम्प्लॉयी हू लूजेस ॲन आयडी कार्ड मस्ट इन्फॉर्म द मॅनेजर' असं लिहिलं तर 'हिज', 'हर' यांसारखं एकही सर्वनाम उरत नाही, वाक्य अठरा शब्दांवरून अकरावर येतं आणि अर्थ तोच राहतो. 'इफ' काढून 'हू' घालणं ही माझी सर्वांत आवडती दुरुस्ती आहे. 'हिज'च्या जागी नुसतं 'द' किंवा 'अ' घालून भागतं का हेही पाहा, पुष्कळदा भागतं. 'ईच कँडिडेट मस्ट कॅरी द ॲडमिट कार्ड' यात कार्ड कुणाचं हे कुणालाही कळतं.

कर्ता अनेकवचनी करणं हा दुसरा उपाय: 'एम्प्लॉयीज मस्ट सबमिट देअर टाइमशीट्स बाय फ्रायडे.' सोपा आणि स्वच्छ. मात्र यात एक बारीक खड्डा आहे. 'एम्प्लॉयीज मस्ट साइन देअर डिक्लरेशन्स' म्हटलं की प्रत्येकाने एक घोषणापत्र द्यायचं की अनेक, हे धूसर होतं. संख्या महत्त्वाची असेल तिथे 'ईच एम्प्लॉयी मस्ट साइन वन डिक्लरेशन' असंच ठेवा. नियमपुस्तिकेत थेट 'यू' म्हणणंही उत्तम असतं. नियुक्तिपत्र तर नावाने एकाच व्यक्तीला जातं, तिथे 'यू' सोडून दुसरं काही हवं कशाला? करारात मात्र पक्षकारांना 'यू' म्हणायची पद्धत नाही, तिथे 'द एम्प्लॉयी' हे नामच पुन्हा लिहावं. तोच शब्द परत आला म्हणून करार कंटाळवाणा होईल ही भीती सोडून द्या. करारात पुनरुक्ती हा दोष नाही. कर्मणी प्रयोगाकडे मात्र सहसा वळू नका. 'टाइमशीट्स मस्ट बी सबमिटेड' यात सर्वनामाचा प्रश्न सुटतो, पण कुणी द्यायची हे वाक्यातून गेलेलं असतं. जबाबदारी ठरवणाऱ्या कागदात हे महागात पडतं.

'दे' खरोखर धोक्याचं ठरतं ते एका विशिष्ट जागी: वाक्यात एक व्यक्ती आणि एक समूह दोन्ही असतील तेव्हा. 'व्हेन अ मॅनेजर मीट्स द टीम मेंबर्स, दे मस्ट साइन द फॉर्म.' सही व्यवस्थापकाने करायची की टीमने? इथे 'दे' काढून 'द मॅनेजर' लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. बातमीतही हेच. पोलीस एका संशयिताच्या शोधात आहेत आणि पुढच्या वाक्यात 'दे फ्लेड' आलं, तर वाचकाच्या डोळ्यासमोर टोळी उभी राहते. 'द सस्पेक्ट फ्लेड' लिहा. एकवचनी 'दे'च्या विरोधकांचा संदिग्धतेचा आक्षेप मी पोकळ मानत नाही, तो या जागी अगदी खरा आहे. फक्त संदिग्धता 'ही'मध्येही असते. दोन पुरुषांच्या वाक्यात 'ही टोल्ड हिम दॅट ही वॉज राँग' यात चुकलं कोण ते सांगता येत नाही. उपाय दोन्हीकडे एकच, नाम परत लिहायचं.

मग एकवचनी 'दे' ठेवायचं कुठे? 'एव्हरीवन', 'एनीवन', 'नोबडी' यांच्या मागे तर नक्कीच, कारण तिथे 'हिज ऑर हर' फार अवघडल्यासारखं वाटतं. वाक्य फिरवल्यावर ते अनैसर्गिक होत असेल तिथेही. 'इफ समवन कॉल्स, टेल देम आय विल बी बॅक बाय फोर' हे वाक्य इंग्रजीत जन्मलेला कुणीही दुसऱ्या रीतीने म्हणणार नाही.

क्रियापदाबद्दल शंका ठेवू नका. 'दे'पुढे नेहमी 'आर', 'हॅव', 'वर', माणूस एकच असला तरी. नामापुढे मात्र एकवचन. त्यामुळे एकाच वाक्यात दोन्ही येतात: 'इफ अ कँडिडेट इज अनवेल, दे आर अलाउड टू रीशेड्यूल.' हे बरोबर आहे. 'दे इज' कधीच नाही. 'देमसेल्व्हज' आणि 'देमसेल्फ' या दोन्ही रूपांपैकी कार्यालयीन लेखनात 'देमसेल्व्हज' निर्धोक. 'देमसेल्फ' हे रूपही जुनं आहे आणि एका ठरलेल्या व्यक्तीसाठी आता वाढत्या प्रमाणात वापरलं जातं, पण टंकलेखनाचं सॉफ्टवेअर त्याखाली लाल रेघ ओढू शकतं आणि मग कुणीतरी ती चूक समजून बदलतं.

तुमच्या पुस्तिकेत बदल 'फाइंड अँड रिप्लेस'ने केले असतील तर ती ओळ न् ओळ परत वाचा. 'ही सबमिट्स'चं 'दे सबमिट्स' झालेलं असेल, ते 'दे सबमिट' हवं. 'हर' या एका शब्दाचे कामाप्रमाणे दोन पर्याय होतात, 'देम' आणि 'देअर', आणि यंत्राला तो फरक कळत नाही. पूर्ण शब्द जुळवायचा पर्याय निवडलेला नसेल तर आणखी वाईट. 'धिस'च्या स्पेलिंगमध्ये 'हिज'चं स्पेलिंग आणि 'द'च्या स्पेलिंगमध्ये 'ही'चं स्पेलिंग दडलेलं आहे, तीही बदलली जातात.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे काही ठिकाणी 'शी' किंवा 'वुमन' मुद्दाम असतं. प्रसूती रजेच्या प्रकरणाला 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याचा आधार होता, नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. 26 आठवड्यांची रजा 2017 च्या दुरुस्तीने आली. जुना कायदा आणि नवी संहिता दोन्ही स्त्रीबद्दलच बोलतात. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात तक्रार करणारी व्यक्ती 'ॲग्रीव्ह्ड वुमन' आहे. तिथे कुणी 'पर्सन' आणि 'दे' घातलं, तर भाषा बदलत नाही, धोरण बदलतं. कंपनीला ते संरक्षण सर्वांना द्यायचं असेल तर जरूर द्यावं, अनेक कंपन्या देतातही. पण तो निर्णय संचालकांनी कायदा सल्लागाराशी बोलून घ्यायचा असतो. मसुदा तपासणाऱ्याच्या एका क्लिकने तो होता कामा नये.

मराठीतून इंग्रजीत येणाऱ्यांच्या दोन सवयी इथे आड येतात. 'प्रत्येकाने आपलं ओळखपत्र जवळ ठेवावं' या वाक्यातलं 'आपलं' ओळखपत्राच्या मालकाचं लिंग विचारत नाही. इंग्रजीत यायला निघालो की अचानक 'हिज' की 'हर' असा प्रश्न उभा राहतो आणि लिहिणारा 'हिज/हर' अशी तिरकी रेघ ओढून मोकळा होतो. तिथे 'देअर' लिहा, ते आपल्या 'आपलं'च्या सर्वांत जवळ जातं. दुसरी सवय उलट दिशेची आणि जास्त फसवी. 'डायरेक्टरसाहेब पुण्याला येताहेत, ते टीमशी बोलतील' हे डोक्यात असतं आणि कागदावर उतरतं 'अवर डायरेक्टर इज व्हिजिटिंग पुणे, दे विल ॲड्रेस द टीम.' आदरार्थी बहुवचन इंग्रजीत जात नाही. परदेशी वाचक यातून एक तर डायरेक्टरबरोबर आणखी कुणी येतंय असं समजेल, किंवा डायरेक्टर स्वतःला 'दे' म्हणवतात असं. ती व्यक्ती पुरुष आहे हे माहीत असेल तर 'ही', स्त्री आहे हे माहीत असेल तर 'शी'. एकवचनी 'दे' आलं म्हणून ही दोन सर्वनामं रद्द झालेली नाहीत.

नावावरून अंदाज बांधण्याबद्दलही सांगते. किरण, शीतल, शशी ही नावं आपल्याकडे स्त्रियांची असतात, पुरुषांचीही असतात. लंडनमध्ये बसून किरणचा अर्ज वाचणाऱ्याने टिपणात 'दे' लिहिलं तर ते अत्यंत योग्य आहे. चुकीचं 'ही' लिहिण्यापेक्षा शंभरपट चांगलं. तुम्हालाही परदेशी नावांच्या बाबतीत तसंच करता येईल. समजलं की बदलायचं.

आता सहीखाली 'दे, देम' लिहिणारे तुमचे सहकारी. सोयीसाठी त्यांना सॅम म्हणू. यांच्या बाबतीत वाक्य फिरवायची खटपट करायची नाही, सर्वनाम आलं की 'दे' लिहायचं: 'सॅम हॅज शेअर्ड द रिपोर्ट. दे आर अव्हेलेबल आफ्टर थ्री.' नामापुढे 'हॅज', सर्वनामापुढे 'आर', वर सांगितलं तसंच. या वापराची नोंद मेरियम-वेबस्टर कोशाने 2019 मध्ये स्वतंत्र अर्थ म्हणून केली आणि 'दे'ला त्या वर्षीचा शब्द ठरवलं. प्रत्येक वाक्यात 'सॅम, सॅम' असं नाव घोळवत राहून 'दे' टाळणाराही मी पाहते. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं आणि टोचतं. बोलताना चुकून 'ही' गेलं तर तिथल्या तिथे 'सॉरी, दे' म्हणावं आणि मुद्द्यावर यावं. लांबलचक माफी मागितली की समोरच्यालाच आपली समजूत काढत बसावं लागतं. कारण विचारू नये. आणि त्यांनी लिहिलं म्हणून टीममधल्या प्रत्येकाने सहीखाली सर्वनामं लिहायची सक्तीही करू नये. कुणाला ते सांगायचं नसेल, तर तो त्यांचा अधिकार आहे.

एक गैरसमज मात्र दूर करायलाच हवा. 'दे' हे सगळ्या ट्रान्सजेंडर व्यक्तींचं सर्वनाम नव्हे. बहुतेक ट्रान्स स्त्रिया स्वतःला 'शी' म्हणतात, ट्रान्स पुरुष 'ही' म्हणतात. त्यांना परस्पर 'दे' म्हणणं म्हणजे त्यांनी धडपडून मिळवलेली ओळख आपण आपल्या सोयीसाठी पुसणं. सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे. सर्वनामाच्या बाबतीत त्याचा साधा अर्थ हा की ती व्यक्ती सांगेल ते.

तुमच्या टीममध्ये सॅमबद्दल मराठीतही बोलणं होणारच. तिथे आपली भाषा बरीच मदत करते. 'सॅमनी मेल पाठवलाय', 'त्यांचं म्हणणं असं आहे', 'सॅम उद्या येतील', 'सॅम येणार आहेत', 'दर सोमवारी कॉलवर असतात' या सगळ्यांत लिंग कुठेच उघड होत नाही. अडचण येते ती 'ते' आणि 'त्या' निवडताना, आणि 'आले', 'आल्या', 'होते', 'होत्या' अशा भूतकाळी रूपांत. तेवढ्या जागी नाव घ्या किंवा 'सॅमनी हजेरी लावली' असं वाक्य करा. ती व्यक्ती मराठी बोलणारी असेल, तर तिला कोणतं रूप आवडेल हे सरळ विचारावं. त्यात संकोचासारखं काही नाही.

'झी', 'हिर' अशी नवी घडवलेली सर्वनामंही तुम्हाला कुठे कुठे दिसतील. एखाद्याने स्वतःसाठी ती सांगितली तर तीच वापरा. 'कोणीही'साठी मात्र ती घेऊ नका. असे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेतल्या चार्ल्स कॉन्व्हर्स यांनी 19 व्या शतकात 'दॉन' हे सर्वनाम सुचवलं होतं. 1934 मध्ये ते वेबस्टरच्या मोठ्या कोशात आलं आणि 1961 च्या आवृत्तीतून निघालं. लोकांच्या तोंडी 'दे' आधीच होतं, त्यांना नव्याची गरज वाटली नाही.

स्पर्धा परीक्षा देणारं कुणी घरात असेल तर त्यांच्यासाठी दोन ओळी. वस्तुनिष्ठ प्रश्नात 'एव्हरीवन'पुढे रिकामी जागा असेल आणि पर्यायांत 'हिज' आणि 'देअर' दोन्ही असतील, तर प्रश्नकर्त्याला जुना नियम अपेक्षित असण्याची शक्यता बरीच. आधीच्या वर्षांच्या उत्तरसूची पाहून ठरवावं. निबंधात मात्र कर्ता अनेकवचनी करून हा पेच मुळातच टाळता येतो.

आणि तुमच्या पुस्तिकेचं पुढचं काम. आधी मातृत्व आणि लैंगिक छळ ही दोन प्रकरणं बाजूला काढून सल्लागारांकडे पाठवा. उरलेल्या मजकुरात 'इफ'ने सुरू होणारी वाक्यं शोधून ती 'हू'वर आणा. अर्ध्याअधिक 'दे' तिथेच गळतील. एक व्यक्ती आणि समूह एकत्र आलेली वाक्यं तपासून तिथे नाम घाला. जे 'दे' उरतील ते खुशाल ठेवा, आणि व्याख्यांच्या यादीत 'एम्प्लॉयी'च्या व्याख्येखाली एक ओळ घाला: 'इन धिस हँडबुक, दे, देम अँड देअर मे रेफर टू वन पर्सन.' पुढे कुणी हरकत घेतली तर त्या ओळीचा क्रमांक सांगता येईल.